शोधणाऱ्याला उपासनेची वेळ सापडू द्या

महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्यांचे पाळकसाहेब, धर्मग्रामांचे फादर, पंच आणि सचिव यांस,

सप्रेम सलाम.

आपल्या चर्चची वेबसाइट गुगलवर शोधणाऱ्याला सापडते का, हा विषय येत्या पंच सभेत घ्यावा, या विनंतीसाठी हे पत्र. ज्या पंचांनी चर्चची वेबसाइट कधी उघडलेली नाही त्यांचा मोबाइल घ्या, ब्राउझरमध्ये इन्कॉग्निटो, म्हणजे आधीचे शोध न धरणारी खिडकी, उघडा आणि चार शोध टाका. चर्चचं नाव आणि शहर. मग 'मराठी चर्च' आणि आपला भाग. मग 'रविवार उपासना वेळ' आणि शहर. शेवटी 'बाप्तिस्मा दाखला' आणि शहर. चारही शोध देवनागरीत एकदा आणि इंग्रजी अक्षरांत एकदा करा. काय दिसतं ते सचिवांनी कागदावर लिहून घ्यावं.

पहिल्या शोधात चर्च बहुधा येतं, आणि तिथेच गैरसमज होतो की साइट चालते आहे. नाव माहीत असलेला माणूस आपला सभासदच असतो. त्याला वेळ माहीत आहे, गेट माहीत आहे, सचिवांचा नंबरही त्याच्याकडे आहे. बाकीचे तीन शोध करतात ती बदली होऊन आलेली कुटुंबं, होस्टेलवर राहणाऱ्या नर्सिंगच्या मुली, आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधणारी परदेशातली नातवंडं, घरात मयत झाल्यावर पाळकांचा नंबर शोधणारे नातेवाईक. साइट खरं तर त्यांच्यासाठी असते. त्यांना ती सापडत नसेल, तर वर्षाला होस्टिंगचे पैसे आपण कुणासाठी भरतो?

यातला मोठा दोष बहुतेक ठिकाणी एकच असतो. मजकूर साइटवर आहे, पण अक्षरांच्या रूपात नाही. साप्ताहिक पत्रक छापखान्यात श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये तयार होतं, त्याचा फोटो किंवा पीडीएफ निघते आणि तीच साइटवर चढते. काही साइटींची पानंच जुन्या फॉन्टमध्ये बांधलेली आहेत. आतून काय होतं ते एका शब्दावर बघा. कृतिदेवमध्ये 'येशू' टाइप केलं की फाइलमध्ये साठतात ती पाच चिन्हं अशी: अर्धविराम, इंग्रजी एस, एकेरी अवतरणचिन्ह, के आणि डब्ल्यू. तो फॉन्ट असलेल्या संगणकावर 'येशू' दिसतं. गुगलच्या हाती मात्र ती पाच चिन्हंच लागतात. कुणी कितीही वेळा 'येशू' शोधलं, तरी त्या पानाशी त्याचा मेळ बसत नाही. 1842 साली अहमदनगरहून 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक काढणाऱ्यांच्या परंपरेतल्या मंडळ्यांचा मजकूर आज शोधणाऱ्यापर्यंत पोचत नाही, हे आम्हाला बोचतं.

तपासणी सोपी आहे. साइटवरचं एक वाक्य बोटाने दाबून कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट करा. जसंच्या तसं मराठी आलं तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्राला वाचता येणाऱ्या अक्षरांत, आहे. कचरा आला तर जुना फॉन्ट आहे. कॉपीच होत नसेल तर ते चित्र आहे. हीच चाचणी पीडीएफवरही करा, कारण युनिकोडमध्ये टाइप केलेल्या पीडीएफमधूनही देवनागरी बऱ्याचदा मोडून बाहेर येते. वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, जोडाक्षर फुटतं. म्हणून पत्रकाची पीडीएफ ठेवायची असेल तर ठेवा, पण तोच मजकूर पानावर साध्या अक्षरांतही द्या. चित्रातली अक्षरं गुगल कधी वाचतो, कधी नाही. त्यावर विसंबू नये.

जुना मजकूर बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. पण बदललेला मजकूर वाचल्याशिवाय चढवू नका. 'प्रार्थना'मधला रफार, 'ख्रिस्त'मधली वेलांटी आणि 'तारणाऱ्या'मधला अर्धा र या तीन जागा हमखास बिघडतात. वचनांच्या संदर्भातले आकडेही एकदा ताडून पाहा. अध्याय आणि ओवी यांच्यामधलं विसर्गासारखं चिन्ह बदलताना हरवलं, की योहान 3:16 चा 316 होतो. पुढच्या आठवड्यापासून पत्रक युनिकोडमध्येच टाइप करायचं ठरवलं, तर हा त्रास एकदाच होईल.

आता पानावर काय असावं. मुखपृष्ठ उघडताच तीन फोटोंची सरकती पट्टी, त्यावर इंग्रजीत स्वागत, खाली पाळकसाहेबांचा संदेश आणि मग मंडळीचा इतिहास, असा आपला नेहमीचा घाट. वेळ शोधायला चार पानं पालटावी लागतात. त्याऐवजी वरच्या पहिल्या पडद्यावर, कुठेही न सरकवता, एवढं दिसू द्या: मंडळीचं पूर्ण नाव, ती कोणत्या पंथाची किंवा धर्मप्रांताची, पिनकोडसकट पत्ता, फोन, आणि वेळा. वेळा स्पष्ट वाक्यात लिहा: 'रविवारची मराठी उपासना सकाळी 8.30 वाजता. इंग्रजी उपासना सकाळी 10.30 वाजता. प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी.' नुसता '8.30' हा आकडा चित्रावर कोरण्यापेक्षा असं एक वाक्य कितीतरी जास्त काम करतं, कारण माणूस जे शब्द शोधतो तेच त्यात आहेत.

पानाचं शीर्षक ही दुसरी दुर्लक्षित जागा. ब्राउझरच्या टॅबवर आणि शोधाच्या निकालात निळ्या अक्षरांत दिसतं ते. असंख्य चर्चच्या साइटींवर तिथे फक्त 'होम' लिहिलेलं असतं. सेंट जॉन, क्राइस्ट चर्च, ऑल सेंट्स ही नावं जगभर हजारो ठिकाणी आहेत, त्यामुळे नुसतं नावही पुरत नाही. नाव, पेठ किंवा भाग, शहर आणि 'मराठी उपासना' एवढं बसवा. निकालात साधारण 50 ते 60 अक्षरं दिसतात, म्हणून महत्त्वाचं आधी. प्रत्येक पानाचं शीर्षक वेगळं हवं. त्याखाली दिसणारं दोन ओळींचं वर्णन क्रमांक वाढवत नाही, पण वाचून माणूस दाबेल की नाही ते त्यावर ठरतं. 'कीवर्ड' नावाचा जो रकाना काही जण शब्द कोंबून भरतात, तो गुगल क्रमवारीत धरत नाही, असं त्यांनी 2009 मध्येच जाहीर केलेलं आहे.

शब्द कोणते वापरायचे, याचा विचार मात्र नीट करा, कारण आपलेच लोक एका गोष्टीला अनेक शब्द वापरतात. कुणी ख्रिस्ती मंडळी म्हणतो, कुणी ख्रिश्चन चर्च. वसईत देऊळ आणि मिस्सा म्हणतात, नगरकडे मंडळी आणि उपासना. आपल्या पानावरच्या वाक्यांत हे शब्द सहज येऊ द्या. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शब्दांची माळ लपवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती फसवणूक धरली जाते आणि साइट खाली ढकलली जाते.

शहरांच्या नावांचंही तसंच. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव 2023 मध्ये झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर 2024 मध्ये. पत्त्यात नवं नाव लिहाच, पण परदेशी गेलेली माणसं अजून जुन्या नावाने शोधतात आणि जुने दाखलेही त्याच नावाचे आहेत. 'अहिल्यानगर, पूर्वीचं अहमदनगर' असं संपर्काच्या पानावर आणि इतिहासाच्या पानावर एकेकदा लिहिलं की दोन्ही शोधांना उत्तर मिळतं.

मराठी आणि इंग्रजीची पानं वेगळी ठेवा, दोन वेगळ्या वेब-पत्त्यांवर, आणि साइट बांधणाऱ्याला 'एचरेफलँग' (hreflang) ही भाषेची खूण जोडायला सांगा. त्यामुळे कोणतं पान कोणत्या भाषेचं ते गुगलला कळतं. कोपऱ्यात भाषांतराचं बटण बसवून काम भागत नाही. त्या बटणाने झालेलं भाषांतर वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये तेवढ्यापुरतं तयार होतं. साइटवर ते साठत नाही, म्हणून शोधातही येत नाही.

दाखल्यांच्या पानाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण हे पान जवळजवळ कुणाकडेच नसतं आणि गरज मोठी आहे. बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि दफन यांची रजिस्टरं आपल्या कपाटात असतात. पासपोर्ट, परदेशी नागरिकत्व, वारसाहक्क, शाळेच्या नोंदीतली दुरुस्ती अशा कामांसाठी लोक ती शोधतात. पानावर एवढं लिहा: कोणत्या सालापासूनची रजिस्टरं आहेत, अर्ज कुणाच्या नावे करायचा, अर्जात काय द्यायचं, म्हणजे पूर्ण नाव, आईवडिलांची नावं, अंदाजे साल आणि माहीत असल्यास नोंद क्रमांक. शुल्क किती, साधारण किती दिवस लागतात, आणि ऑफिस कधी उघडं असतं. जी मंडळी बंद होऊन तिची रजिस्टरं आपल्याकडे आली, तिचं नावही इथे लिहा, कारण शोधणाऱ्याला तेच नाव माहीत असतं. लग्नाच्या पानावर भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, 1872 प्रमाणे नोटीस किती आधी द्यावी लागते आणि कोणती कागदपत्रं लागतात, हे आपल्या पाळकांच्या पद्धतीप्रमाणे लिहा. रजिस्टरांची पानं स्कॅन करून मात्र चढवू नका.

सणांच्या पानांत एक चूक दरवर्षी होते. नाताळ आला की नवं पान, उत्तम शुक्रवार आला की नवं पान, आणि जुनी तशीच पडून. मग ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेची तीन वर्षांपूर्वीची वेळ वर येते. गुगल आता निकालांच्या वर स्वतःच उत्तर जुळवून दाखवतो, त्यातही हीच शिळी वेळ उचलली जाण्याचा धोका असतो. सणाचं पान एकच ठेवा, त्याच्या पत्त्यात साल घालू नका, आणि दरवर्षी त्याच पानावर तारीख बदला. ईस्टर 2026 मध्ये 5 एप्रिलला आहे, 2027 मध्ये 28 मार्चला. झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवारची तीन तासांची उपासना, पहाटेची उपासना आणि 31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना यांच्या वेळा निदान महिनाभर आधी चढल्या पाहिजेत. आदल्या रात्री चढवलेलं पान शोधात यायला कधी काही तास लागतात, कधी काही दिवस.

आता नकाशावरची नोंद. 'जवळचं चर्च' असं शोधलं की साइटींच्या आधी नकाशा येतो, त्यामुळे अनोळखी माणसाशी आपली पहिली भेट तिथेच होते. या नोंदीचं नाव गुगल बिझनेस प्रोफाइल. नावात बिझनेस आहे म्हणून काही पंच नाक मुरडतात, पण शाळा, देवळं, दवाखाने सगळ्यांसाठी हीच सोय आहे आणि ती फुकट आहे. तिथला क्रम तीन गोष्टींवर ठरतो, असं गुगलच सांगतो: शोधाशी मेळ, अंतर आणि ठिकाण किती परिचित आहे. अंतर आपल्या हातात नाही. बाकीचं बरंच आहे.

मुख्य प्रकार नुसता 'चर्च' न ठेवता प्रोटेस्टंट, मेथडिस्ट, कॅथलिक असा नेमका निवडा. त्याखेरीज आणखी नऊ प्रकार जोडता येतात, पण लागू असतील तेवढेच जोडा. नाव फाटकावरच्या पाटीवर आहे तसंच. त्यात 'बेस्ट मराठी चर्च' असं काही घुसवलं तर नोंद स्थगित होऊ शकते. वर्णनाला 750 अक्षरांची जागा आहे. उपासनांच्या भाषा आणि वेळा तिथे लिहा. खूण कुठे पडली आहे ते स्वतः पाहा. जुन्या मिशन कंपाउंडमध्ये चर्च, शाळा, होस्टेल आणि दवाखाना एकाच आवारात असतात. खूण शाळेच्या फाटकावर पडते, ते रविवारी कुलूपबंद असतं, आणि नवा माणूस मागच्या रस्त्यावर उभा राहून परत जातो. रविवारी जे फाटक उघडतं त्याच्यावर खूण ओढून ठेवा.

वेळांचा घोळ तर सर्रास आहे. ऑफिस सोमवार ते शनिवार, म्हणून तेवढंच भरलं जातं, आणि रविवारी सकाळी ऐन उपासनेच्या वेळी नोंदीवर लाल अक्षरांत 'बंद' दिसतं. रविवारी लोकांना दार कधी उघडं असतं ते भरा आणि सणांच्या दिवसांसाठी विशेष वेळा वेगळ्या द्या.

नोंद आपली आहे हे सिद्ध करायला आता बहुतेकदा व्हिडिओ मागतात. तो एका दमात काढलेला, कापाकापी न केलेला आणि किमान 30 सेकंदांचा लागतो. रस्ता आणि आजूबाजूच्या खुणा, मग नावाची पाटी, मग आपण किल्लीने ऑफिस उघडतो आहोत किंवा मंडळीच्या नावाचं कागदपत्र, असा क्रम ठेवा. त्यात कुणाचे चेहरे किंवा खाते क्रमांक येऊ देऊ नका. नोंद आधीच कुणी ताब्यात घेतली असेल, समजा आता बाहेरगावी असलेल्या जुन्या तरुण संघाच्या सेक्रेटरीने, तर तिथूनच मालकीची विनंती पाठवता येते. त्याला उत्तरासाठी 3 दिवस मिळतात. एकाच चर्चच्या दोन नोंदी असतील तर अभिप्राय वाटले जातात. एक निवडा आणि दुसरी दुबार म्हणून कळवा. मंडळीत ताब्यावरून वाद चालू असेल तर तो नकाशावर लढू नका. तिथे नुकसान नव्याने येणाऱ्याचं होतं.

अभिप्राय सभासदांकडून जरूर मागा, पण बदल्यात काहीही देऊ नका. वाकडा अभिप्राय आला तर दोन सौम्य वाक्यांत उत्तर द्या आणि त्या माणसाच्या घरची कोणतीही गोष्ट त्यात येऊ देऊ नका.

तांत्रिक बाजू आपल्या साइटवाल्याला विचारायची आहे, म्हणून नेमके प्रश्न देतो. साइट वर्डप्रेसवर बांधलेली असेल तर 'रीडिंग' सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना मज्जाव करणारी खूण चुकून टिकून आहे का? साइट बांधताना ती लावतात आणि काढायची राहते. साइट पूर्ण गायब असण्याचं हे एक मोठं कारण. साइटचा पत्ता https ने, म्हणजे सुरक्षित जोडणीने, उघडतो का? त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळतं, पण ते लेट्स एन्क्रिप्ट या फुकट देणाऱ्या सेवेचं असेल तर ते आपोआप नवं होण्याची सोय हवी. साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, गुगलच्या सर्च कन्सोल या साधनात दिला आहे का? हे साधन फुकट आहे आणि लोक कोणते शब्द टाकून आले ते मागच्या 16 महिन्यांपर्यंत दाखवतं. मोबाइलवर मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसतो का? दिसत नसेल तर दोष बहुधा फोटोंचा. मोबाइलने काढलेला 4-5 एमबीचा फोटो तसाच चढवला जातो. रुंदी 1600 पिक्सेलपर्यंत आणि वजन 200 केबीच्या आत आणा. चर्चचा प्रकार, पत्ता आणि अक्षांश-रेखांश सर्च इंजिनला सांगणारा स्कीमा नावाचा कोड जोडला आहे का? अक्षांश-रेखांश दशांशानंतर निदान पाच आकड्यांपर्यंत द्यावेत, म्हणजे खूण मीटरभराच्या अचूकतेने पडते.

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न आम्हाला सगळ्यात काळजीचा वाटतो. अनेकदा ते एखाद्या उत्साही तरुणाच्या खासगी ईमेलवर घेतलेलं असतं. तो गावी गेला, कार्ड बदललं, नूतनीकरणाचे हजार-दीड हजार रुपये भरायचे राहिले, की साइट बंद पडते. मुदत उलटल्यावर ठराविक काळ जास्त पैसे भरून नाव परत घेता येतं. त्यानंतर ते कुणीही विकत घेऊ शकतो, आणि जुनी, विश्वासाची नावं जुगाराच्या साइटींसाठी उचलली जातात. मग चर्चचं नाव शोधलं की पत्त्यांचे डाव दिसतात. डोमेन, होस्टिंग, नकाशाची नोंद, सर्च कन्सोल आणि यूट्यूब ही पाचही खाती मंडळीच्या एकाच ईमेलवर आणा. दोन टप्प्यांची सुरक्षा लावा आणि दोन पंचांकडे प्रवेश ठेवा.

महिन्यातून एकदा गुगलमध्ये इंग्रजीत 'site:' आणि त्याला चिकटून आपल्या साइटचा पत्ता टाका. गुगलला माहीत असलेली आपली पानं दिसतील. त्यात औषधांच्या जाहिराती किंवा जपानी अक्षरांची पानं दिसली तर साइट फोडली गेली आहे. त्याच यादीत सभासदांची नावं, पत्ते आणि फोन असलेली मतदार यादी दिसली तर ती ताबडतोब साइटवरून काढा. नुसता दुवा काढून फाइल जात नाही, ती सर्व्हरवरूनच पुसावी लागते. मग सर्च कन्सोलमधून काढण्याची विनंती करा. ती विनंती साधारण 6 महिनेच टिकते, म्हणून मूळ फाइल आधी पुसणं गरजेचं. संडे स्कूलच्या मुलांचे नावांसकट फोटो आणि बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या याद्या साइटवर नकोतच. शोधात सापडायचं आहे ते चर्चला, माणसांना नव्हे.

'पहिल्या पानावर आणून देतो' असं लिहून पैसे मागणाऱ्यांना सभेत बोलावू नका. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलनेच लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या साइटींवरून विकत घेतलेले दुवे उलटतात. खरे दुवे आपल्या घरातच आहेत. धर्मप्रांताच्या साइटवर मंडळ्यांची यादी असते, पण बहुधा नावांपुरती. आवारातली शाळा, दवाखाना आणि होस्टेल यांच्याही साइटी असतात. तिथून चर्चच्या साइटला एकेक दुवा मागा. धर्मप्रांतांच्या कार्यालयांना आमची वेगळी विनंती आहे: यादीतल्या प्रत्येक मंडळीला स्वतःचं छोटं पान द्या. त्यावर पत्ता, वेळा, भाषा आणि दुवा असू द्या. ज्या खेड्यातल्या मंडळीला साइट परवडत नाही तिची तीच साइट होईल, आणि बदली झालेल्या पाळकांबरोबर ती हरवणारही नाही.

सभेच्या इतिवृत्तात तीन नोंदी व्हाव्यात. पाचही खाती मंडळीच्या ईमेलवर कधीपर्यंत येणार. पत्रक युनिकोडमध्ये कोण टाइप करणार. आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते चार शोध पुन्हा कोण करून पाहणार. पहिल्या दिवशी सचिवांनी लिहून घेतलेला कागद त्याच फाइलला लावून ठेवा, आणि तीन महिन्यांनी शेजारी नवा कागद लावा.

ख्रिस्तात आपले,
मंडळ्यांच्या वेबसाइटी सांभाळणारे काही जण